हौसिंग घुमतंय, पण नेमकं काय?

ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पमध्ये रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी एखादा टेम्पो मागून उचललेला आणि त्याखाली दोन जोडी पाय दिसले, तर नवल वाटत नाही. १९७६ साली अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी उठवून लोकांना या दलदलीच्या जागेत आणून वसवलं गेलं. तेव्हापासून घर असो की गाडी, जमेल ते काम स्वतःच्या हाताने करायची इथे सवय आहे. मालाची पिकअप, जुनी ओम्नी, शाळेच्या मुलांची व्हॅन हे पुष्कळ घरांतले कमावते सदस्य. गाडी आठवडाभर गॅरेजात उभी राहिली की हप्ताही थकतो आणि किराणाही. म्हणून घरातला हुशार मुलगा मामाला हाताशी घेतो, मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघतो आणि मागचं हौसिंग, म्हणजे डिफरन्शियल, घरीच उघडतो. नवी बेअरिंग, नवं ऑइल सील, कधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेला क्राऊन-पिनियनचा सेट बसवला जातो. मानखुर्दच्या सिग्नलपर्यंत सगळं शांत असतं. वाशीच्या पुलावर गाडीने पन्नाशी गाठली की मागून घुमण्याचा आवाज सुरू होतो.

इथे बहुतेक जण घाईत एकच गोष्ट करतात, हौसिंग पुन्हा उघडतात. माझ्या मते सर्वांत महाग चूक तीच. आवाज नेमका केव्हा येतो, केव्हा थांबतो हे न ऐकता उघडलेलं हौसिंग पुष्कळदा तसंच परत बंद होतं, आणि मधल्या मध्ये एक सील आणि दोन-तीन लिटर तेल वाया जातं.

आत काय चालतं ते थोडक्यात. इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून लांबट पिनियनवर येते. पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो, ताकद काटकोनात वळते आणि दोन्ही चाकांकडे जाते. क्राऊनच्या केजमध्ये छोटे स्टार पिनियन असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, तेव्हा ते दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतात. ही युक्ती सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची, पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीची. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली सरकवून बसवायची पद्धत मात्र नंतरची. १९२०च्या दशकात पॅकार्ड मोटारींत ती आली आणि हायपॉइड या नावाने रुळली. त्यात दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. म्हणून दात शांत चालतात, पण तेल चुकलं तर लवकर खराबही होतात.

आता आवाज ऐकायला बसू. त्यासाठी कान दोघांचे लागतात. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे बसायचं. फजरनंतर रस्ते मोकळे असतात, ती वेळ उत्तम. रेडिओ बंद, काचा वर, मागचा माल उतरवलेला, टायरमध्ये हवा बरोबर.

पहिला प्रश्न, आवाज हौसिंगचा आहे का? एकाच वेगाने आधी चौथ्या आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये चालवून बघा. इंजिनाचे फेरे बदलले तरी आवाजाचा सूर तोच राहिला, तर तो इंजिनाचा नाही. काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर आल्यावर आवाज बदलला, तर संशय टायरवर. मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवीकडे झोल दिल्यावर आवाज वाढतो-कमी होतो, तर चाकाचं बेअरिंग पाहा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो, त्यामुळे तेव्हा आवाज वाढला तर डाव्या बाजूला शोधा. आणि घुमण्याबरोबर गाडीचा पत्रा थरथरत असेल, तर प्रोपेलर शाफ्ट उतरवताना खूण केली होती का ते आठवा. जसा होता तसाच न बसवल्याने किंवा त्याचा क्रॉस ढिला असल्यानेही थरथर येते, आणि बिचाऱ्या हौसिंगला दोष लागतो.

एवढ्याने आवाज हौसिंगचाच ठरला, तर पायाने विचारा. अॅक्सिलरेटर दाबल्यावर बारीक, शिटीसारखा आवाज येतो आणि पाय काढला की जातो, म्हणजे दातांची पुढे ओढणारी बाजू नीट भेटत नाही. पाय काढल्यावरच आवाज येतो, तर दातांची उलटी बाजू किंवा पिनियनच्या बेअरिंगचा ढिलेपणा. पाय दाबा, काढा, काही करा, आवाज तसाच जाड आणि सलग राहतो, तर ते बेअरिंग. फक्त वळणावर खरखर आली तर स्टार पिनियन आणि त्यांच्या चकत्या. गाडी उचलताना किंवा रिव्हर्स घेताना ‘ठक्’ वाजलं तर कुठेतरी प्ले जास्त आहे. मात्र तो क्रॉसमध्येही असू शकतो, म्हणून आधी तो हलवून बघा. क्रॉस बदलणं तासाभराचं काम, हौसिंग दिवसभराचं.

‘टक-टक’ ठेक्यात येत असेल तर खडूचा तुकडा पुरतो. मागच्या टायरवर एक रेघ मारा, मोकळ्या जागेत गाडी माणसाच्या चालीने हाका आणि एकाने बाजूने, चाकापासून दूर, चालत मोजावं. रेघ एकदा खाली येते तेवढ्यात एकच टक, तर दोष क्राऊनच्या दाताचा किंवा चाकाच्या बाजूचा. त्याच एका फेऱ्यात चार वेळा टक, तर पिनियन किंवा प्रोपेलर शाफ्ट. चारच का? समजा क्राऊनला ४१ दात आहेत आणि पिनियनला १०. मग चाकाच्या एका फेऱ्यात पिनियन चारहून थोडा जास्त फिरतो. चाकाचा घेर २ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला ५०० फेरे घेतं आणि पिनियन २,०५०. म्हणूनच पिनियनच्या बेअरिंगचा आवाज बारीक येतो आणि चाकाच्या बेअरिंगचा घोगरा.

घरी उघडलेल्या हौसिंगमध्ये चुकतं कुठे?

बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवणं हे पहिलं. ठोका आतल्या रोलरमधून रेसवर उतरतो आणि तिथे डोळ्याला जेमतेम दिसणारे खड्डे पडतात. बेअरिंग नवं कोरं, पण पहिल्याच दिवशी घुमणारं. दुसरं, धूळ. रस्त्याकडेला उघड्यावर काम करताना वाळूचा एक कण क्राऊन आणि केजच्या मध्ये राहिला, तरी क्राऊन किंचित वाकडा फिरतो. तिसरं, केजच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवरच्या टोप्या. डावी टोपी उजवीकडे बसते, बोल्टही लागतो, पण ती त्या जागेसाठी घडलेली नसते. उघडण्याआधी पंचने खुणा करायच्या त्या यासाठीच.

सेटचं काय? क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि जोडीनेच विकले जातात. अशा गिअरचं मोठं नाव आपल्या शेजारीच आहे, मुंब्र्यातला भारत गिअर्सचा कारखाना. दोन्ही भागांवर जोडीचा नंबर कोरलेला असतो. जुन्या बाजारातून एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन आणला, तर दात मोजून सारखे असले तरी ते शांत चालतील ही आशा सोडा. त्यावर कितीही शिम घाला.

जोडी बरोबर असली तरी बसवण्याचं माप आहेच. पिनियन किती आत बसतो हे त्यामागची शिम ठरवते, आणि क्राऊन-पिनियनमधला प्ले केजच्या बाजूच्या शिम किंवा नट ठरवतात. हा प्ले बऱ्याच हलक्या गाड्यांत ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच खरा. बोटाने हलवून ‘बरोबर वाटतंय’ म्हणणारे उस्ताद असतात, त्यांचा आदर करावा, पण डायल गेज लावायला लावावं. मग क्राऊनच्या चार-पाच दातांना रंगाचा पातळ थर द्या, क्राऊनला हाताने थोडा अडवत पिनियन फिरवा आणि ठसा बघा. ठसा दाताच्या मधोमध, वरच्या कडेपासून आणि मुळापासून सुटलेला हवा. मुळाशी उतरला तर पिनियन जास्त आत आहे, वरच्या कडेला चढला तर बाहेर. हा ठसा मोबाइलवर टिपून ठेवा. पुढे मिस्त्रीकडे जायची वेळ आली तर तो फोटो पाहून त्याला अर्धं काम कळेल.

सर्वांत जास्त बिघडतो तो पिनियनचा नट. पुष्कळ गाड्यांत दोन बेअरिंगच्या मध्ये दबणारा स्पेसर असतो. नट आवळत जाल तसा तो दबतो आणि बेअरिंगवर ठरावीक ताण येतो. एकदा जास्त दबला की नट सैल करून उपयोग नाही, नवाच स्पेसर लागतो. आपल्याकडे लांब पाइप लावून ‘जेवढं घट्ट तेवढं चांगलं’ असा हिशेब चालतो आणि बेअरिंग जळतात. ताण मोजायला साधा ताणकाटा चालतो. क्राऊन बसवण्याआधी पिनियनच्या फ्लँजला दोरी गुंडाळा आणि काट्याने सावकाश, एकसारखी ओढा. फ्लँजची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल, तर नव्या बेअरिंगला अनेक हलक्या गाड्यांत काटा साधारण साडेतीन ते पावणेसहा किलो दाखवतो. जुनीच बेअरिंग परत घातली असतील तर याच्या निम्म्याच्या आसपास. इथेही शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

तेलाबद्दल दोन शब्द. हायपॉइड दातांना जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, इंजिन ऑइल नव्हे. पावसाळ्यात आपल्या भागात पाणी तुंबलं की गरम हौसिंग एकदम थंड पाण्यात बुडतं. आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला. तसंच ठेवलं तर बेअरिंगला गंज चढतो आणि काही आठवड्यांनी घुमणं सुरू होतं, मग लोक महिन्यापूर्वीच्या मिस्त्रीला शिव्या देतात.

एक चलाखीही सांगायला हवी. जुनी गाडी विकताना हौसिंगमध्ये लाकडाचा भुसा किंवा जाड ग्रीस भरून आवाज दाबण्याची खोड जगभर जुनी आहे. मालातला ऐब लपवून विकणं काय आहे, हे आपल्या घरात वेगळं समजावण्याची गरज नाही. घेताना मात्र फिलर बोल्ट उघडून तेल बोटावर घ्या, वास घ्या, चोळून बघा.

दुरुस्तीनंतर पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांचीच ठेवा. थांबून हौसिंगजवळ हात न्या. गरम असणारच. पण पिनियनच्या तोंडाशी हात क्षणभरही टेकवत नसेल, तर बेअरिंग जास्त आवळलं आहे आणि गाडी तिथेच थांबवायची. आवाज तासातासाला वाढत असेल, कर्रकर्र दळल्यासारखा येत असेल किंवा चाक मध्येच अडकल्यासारखं वाटत असेल, तर घरापर्यंतसुद्धा चालवू नका, टो करून आणा. बेअरिंग जाम झालं तर मागची दोन्ही चाकं चालत्या गाडीत अडकू शकतात. व्हॅनमध्ये शाळेची मुलं असतील तर आवाजाचं कारण कळेपर्यंत फेरी बंद, पालकांना कळवून. उलट फक्त एका ठरावीक वेगाला येणारी, न वाढणारी हलकी शिटी असेल, हौसिंग गरम होत नसेल आणि ठसा बरोबर आला असेल, तर माझं मत असं की काही दिवस नुसतं लक्ष ठेवा, उघडू नका.

चाचणी करताना गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली पक्क्या घोड्या हव्यात. एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं उचलून गिअर टाकला की गाडी घोड्यावरून उडी मारू शकते. लहान मुलांना त्या गल्लीतच फिरकू देऊ नका.

नव्या क्राऊन-पिनियनवर पहिले ७००-८०० किलोमीटर जड माल भरू नका. त्यानंतर तेल काढून नवं घाला. जुनं तेल स्वच्छ ताटलीत घेऊन उन्हात बघा आणि त्यातून चुंबक फिरवा. चुंबकाला काळी मऊ पेस्ट लागली तर दात एकमेकांना बसत आहेत. टोचणारे कण किंवा चमकते तुकडे निघाले, तर ते कागदात बांधा आणि ठशाच्या फोटोसोबत मिस्त्रीकडे न्या.