मांडवीकाठची कला अकादमी: नाटकाच्या आधी तासभर इमारत बघा

तेरेखोल, केरी, हरमल भागातल्या मंडळींनो, कला अकादमीत नाटक पाहायला आपण जातो, पण इमारत पाहायला? पुढच्या वेळी तेरेखोलची फेरी जरा लवकरची पकडा.

कांपालची ही वास्तू चार्ल्स कोरिया यांची. काम १९७३ ते १९८३ या काळातलं. मूळ गोव्याच्या या वास्तुविशारदाने सरकारी इमारतीला शोभेल असा भव्य दरवाजा इथे मुद्दामच टाळला. रस्त्यावरून आलात की डोक्यावर काँक्रीटच्या तुळयांचा मांडव, खाली गार सावली, आणि समोर थेट नदी. तिकीट नसलं तरी आरपार चालत जाता येतं. मला तर नाट्यगृहापेक्षा ही मोकळी वाट जास्त आवडते. इमारतीची उंचीही बेताची.

खुल्या रंगमंचाच्या पायऱ्या चिऱ्याच्या आहेत. आपल्या तेरेखोल किल्ल्याच्या भिंतींतला तोच जांभा दगड इथे काँक्रीटशी बिनधास्त मैत्री करतो.

आता दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात शिरा. पहिली घंटा व्हायच्या आत बाजूच्या भिंती बघा: जुन्या नाट्यगृहातल्यासारखे सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक, सगळे रंगवलेले! हात मारियो मिरांडा यांचा. प्रयोगाला गर्दी नसली तरी सभागृह रिकामं वाटत नाही.

२०२३च्या जुलैत, नूतनीकरण चालू असताना, खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. त्याच नोव्हेंबरात वास्तू पुन्हा खुली झाली. दुरुस्तीच्या दर्जावरचे वाद मात्र नंतरही चालूच राहिले.