परागाची तजवीज

आपल्या सुरणाच्याच प्रजातीतील, सुमात्रा बेटाच्या अरण्यात उगवणाऱ्या टायटन अरम या वनस्पतीचा फुलोरा प्रसंगी 3 मीटर उंच होतो, हे वाचून ठाऊक होते. परंतु त्याच्या पोटाला खिडकी पाडून माणसे आतल्या फुलांना हाताने पराग लावतात, असे कळले तेव्हा ते कार्य प्रत्यक्ष पाहिल्यावाचून चैन पडेना, आणि लंडनच्या क्यू उद्यानातील काचगृहात रात्री थांबण्याची परवानगी मी मिळवली.

एकेरी फुलांत रॅफ्लेशिया सर्वांत मोठे, शाखायुक्त फुलोऱ्यांत तालिपोट ताड अग्रगण्य. शाखाहीन फुलोऱ्याचा मान मात्र या वनस्पतीचा. ओदोआर्दो बेकारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने ती 1878 मध्ये पाहिली, क्यूमध्ये ती 1889 साली प्रथम फुलली आणि 1926 साली पुन्हा फुलली तेव्हा गर्दी आवरण्यासाठी पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला. आजही लोक येतात, नाकाला रुमाल लावतात, छायाचित्र काढून निघून जातात.

गर्दी ओसरल्यावर पराग लावणाऱ्या माळीणबाई आल्या. फुलोऱ्याला वेढणाऱ्या जांभळट, चुणीदार महाछदाच्या तळाशी त्यांनी सुरीने चौकोनी काप घेतला, तुकडा अलगद बाजूला ठेवला, आणि आतून जो दर्प बाहेर पडला तो मेलेल्या उंदराचा होता. तो सतत येत नव्हता, थांबून थांबून लोटत होता. मधल्या उंच दांड्याजवळ हात नेला तर ऊब जाणवली, कारण गंध दूरवर पसरावा म्हणून तो दांडा माणसाच्या अंगाइतका तापतो आणि मांसाच्या आशेने भुंगे व माश्या येतात. खिडकीतून जांभळ्या अंडाशयांवर पिवळी टोके असलेली स्त्रीपुष्पे दिसत होती. पुंपुष्पे त्यांच्या वरच्या पट्ट्यात, पण त्यांचा पराग सुटेपर्यंत स्त्रीपुष्पांची वेळ टळून गेलेली असते, म्हणून दुसऱ्या झाडाचा, शीतपेटीत जपलेला पराग आणावा लागतो. बाईंनी बाही सारली आणि कुंचल्याने ओळीमागून ओळ, एकही टोक न चुकवता, तो लावत गेल्या. सुमात्रात आता किती झाडे उरली असतील, असे मी विचारले; कुंचला न थांबवता त्या म्हणाल्या, “हजाराहूनही कमी, असा अंदाज आहे.”

हजाराहूनही कमी! पहिल्या फुलोऱ्याला बहुधा 7 ते 10 वर्षे लागतात, पुढचा केव्हा येईल याचा भरवसा नाही, आणि आलाच तर दोन दिवसांत कोलमडतो. अशा वनस्पतीच्या शेजारी त्याच रात्री दुसरी फुलण्याचा योग जंगल तुटत गेले की दुर्मीळच होणार. उद्यानांतही नात्यातल्याच झाडांचा संकर होऊन वंश दुबळा होतो, म्हणून कोणत्या झाडाचा पराग कोणाला लावला याचे दप्तर काटेकोर ठेवणे हे कुंचल्याइतकेच महत्त्वाचे, असे मला ठामपणे वाटते. फळे लालकेशरी होतात तेव्हा सुमात्रात ती धनेश पक्षी खातात आणि बिया दूर नेतात. काचगृहात तेही काम माणसालाच करावे लागते.

वाचकहो, हे फूल पाहण्याचा योग कुठल्याही उद्यानात आला, तर त्याच्या उंचीपाशीच थांबू नका. तिथल्या माळ्याला गाठून, याचा पराग कुठून आला आणि याचे बी कुठे जाणार, एवढे अवश्य विचारा.