वेडी बाभूळ काढली, पुढे काय?

शब-ए-बरात जवळ आली की आमच्या गावात कब्रस्तानची साफसफाई होते. तरुण मुले कोयते-कुऱ्हाडी घेऊन येतात, वेडी बाभूळ तोडतात आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा डोक्याइतकी वाढते. अब्बांच्या कबरीपर्यंत जायचे तर काट्यांतून वाट काढावी लागते. चार वर्षांपूर्वी आम्ही ठरवले, नुसते तोडून भागणार नाही, चांगली झाडे लावू. रोपवाटिकेतून गुलमोहर आणि सप्तपर्णीची 80 रोपे आणली. पुढच्या उन्हाळ्याअखेर त्यातली 6 उरली होती.

आमचे काय चुकले, हे मला जोधपूरच्या राव जोधा उद्यानाविषयी वाचताना उमगले.

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याभोवती सुमारे 70 हेक्टर खडकाळ जमीन आहे. तीही वेडी बाभळीनेच गिळली होती. ही बाभूळ मूळची अमेरिकेतली. भारतात ती 1877 मध्ये आली. जोधपूरच्या महाराजांनी 1930 च्या सुमारास विमानातून तिच्या बिया टाकल्या, असे तिथे सांगतात. हेतू चांगला होता, उजाड मुलूख हिरवा करायचा. पण ती आपल्या आसपास दुसरे फारसे काही उगवू देत नाही.

2006 मध्ये वृक्षअभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्याकडे ही जमीन पूर्ववत करण्याचे काम आले. वरून तोडलेली बाभूळ बुंध्यातून पुन्हा फुटते, म्हणून ती मुळासकट काढणे भाग होते. पण मुळे खडकाच्या भेगांत शिरलेली. तेव्हा उपयोगी पडले खंडवालिये, म्हणजे तिथले पिढीजात दगडफोडे. हातोडी मारून आवाजावरून खडक कुठे कच्चा आहे, हे ते ओळखत. त्यांनी छिन्नी-हातोडीने साधारण दीड फूट खोल जाऊन मुळे काढली. झालेल्या खड्ड्यांतच थोर, कुमट यांसारखी त्या खडकात राहायची सवय असलेली झाडे लावली. गवतेही आणली. 2011 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, कोरड्या मुलखातले झाड आधी खाली वाढते, मग वर. हिवर, बाभूळ, खैर यांचे बी जागेवरच पेरले तर सोटमूळ सरळ ओलाव्याकडे जाते. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे मूळ तळाशी गुंडाळते आणि पुढे उन्हाळा सोसत नाही. दुसरी गोष्ट, झाड म्हणजेच हिरवळ नव्हे. आपल्या माळावरचे पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते माती धरून ठेवतात. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाचे अभयारण्य आहे, तेही अशाच माळावर. अशा माळाला पडीक समजून झाडांनी भरून टाकणे हेही नुकसानच.

मागच्या दोन वर्षांत आम्ही पद्धत बदलली. वेडी बाभूळ कबरींपासून दूरच्या पट्ट्यातच, खणून मुळासकट काढली. कबरींजवळ खणले नाही, तिथे फक्त छाटणी. बाभळीचे बी कुठून आणायचे, हे शेळ्या पाळणाऱ्या एका चाचींनी सांगितले, "मास्तर, विकत कशाला घेता? शेळ्या शेंगा खातात, बी गोठ्यात पडतं. तेच झाडून न्या." शेळीच्या पोटातून आलेल्या बीचे कठीण कवच मऊ झालेले असते, म्हणून ते लवकर रुजते. हिवराच्या शेंगा आणि बोराच्या आठोळ्या माझ्या वर्गातल्या मुलांनी गोळा केल्या. गवताचे बी माती आणि शेणात कालवून पहिल्या पावसाआधी टाकले. 40 जागी बी पेरले, त्यातल्या 23 जागी आज झाड उभे आहे. टँकर एकदाही आणला नाही.

त्यात 5 बोरी आहेत. आपल्याकडे मय्यतीच्या गुस्लसाठी बोरीचा पाला पाण्यात उकळतात. अम्मीच्या वेळी तो आम्ही तीन गावे फिरून आणला होता. आता तो कब्रस्तानातच मिळेल, इन्शाअल्लाह.

तुमच्या गावीही असा पट्टा असेल. यंदा रोपे विकत घेण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारा, इथे पूर्वी काय उगवायचे? आणि उन्हाळ्यातच त्याचे बी गोळा करून ठेवा.