भाग ११ : बेससाठी पॉवर ॲम्प, आणि तंजावूरहून आलेला फोन

मागच्या भागात प्रीॲम्पबद्दल बोललो, तर खाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता : "दादा, बेससाठी किती वॅटचा पॉवर ॲम्प घेऊ?" एक आकडा सांगून मोकळं व्हायला मलाही आवडलं असतं. पण गेल्या वर्षी आमच्या घरात या एका आकड्यापायी एक स्पीकर जळला. तीच गोष्ट आज सांगतो, म्हणजे हिशोब आपोआप समजेल. व्हिडिओत मी फळ्यावर आकडे मांडले होते, इथं ते ओळींतच लिहिलेत.

माझी मावशी लग्न होऊन तंजावूरला गेली, तिथल्याच एका मराठी घरात. व्यंकोजीराजांपासून तिकडे राहिलेली ही घरं, आजही घरात मराठी बोलतात. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अर्धंच कळलं होतं, आणि माझं पुणेरी त्यांना फार घाईचं वाटलं होतं. मावशीचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, बेस वाजवतो. शिकला कुणाकडे? इलयाराजांच्या गाण्यांकडे. त्या गाण्यांत बेस मागं लपून बसत नाही, स्वतःची चाल घेऊन फिरतो, त्यामुळं तमिळनाडूतल्या पोराला बेस म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पुतण्या एका भजन मंडळीत वाजवतो. तिकडे नामसंकीर्तनात आपले अभंग गातात, मृदंग आणि टाळांच्या जोडीला. यांच्या मंडळीत बेसही आहे. म्हाताऱ्या मंडळींनी आधी नाकं मुरडली असं मावशी सांगते. पण ज्या गावात सरफोजीराजांनी दोनशे वर्षांपूर्वी दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला होता, तिथं बेस गिटारचं एवढं काय!

तर रात्री साडेअकराला फोन. "काका, बॉक्समधनं वास येतोय."

बॉक्स त्याचा नव्हता. तिरुचिरापल्लीच्या एका मित्राकडून आणलेला, पंधरा इंची एकच स्पीकर, ८ ओहम, २०० वॅट. ॲम्प याचा स्वतःचा, ८ ओहमवर १५० वॅट देणारा. कार्यक्रम मांडवात होता, उघड्यावर. मी पहिला प्रश्न विचारला, "लाल दिवा लागत होता का?" तो म्हणाला, "सारखाच लागलेला. पण ॲम्प तर लहान आहे ना, म्हणून मी घाबरलो नाही."

हीच समजूत जवळजवळ सगळ्यांची असते. १५० चा ॲम्प २०० च्या स्पीकरला काय जाळणार?

आता लक्ष द्या. ॲम्पवर लिहिलेले १५० वॅट हे स्वच्छ, गोलसर लहरीचे असतात. त्याच्यापलीकडे ढकलला की ॲम्पला आणखी उंच जाता येत नाही, मग तो लहरीचं डोकं छाटतो. याला आपण क्लिपिंग म्हणतो. पूर्ण छाटलेली लहर चौकोनी होते, आणि तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लहरीत गोल लहरीच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे १५० चा ॲम्प खूप ताणला तर ३०० च्या आसपास देऊ शकतो. शिवाय गोंगाटात सूर ऐकू यावा म्हणून पुतण्यानं कॉम्प्रेसरही दाबून लावला होता, त्यामुळं दोन सुरांमध्ये कॉइलला गार व्हायला मिळणारी उसंतही गेली. दोन तास असं चाललं. स्पीकरची कॉइल म्हणजे शेवटी बारीक तारेचं वेटोळं. जळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मल्टिमीटर लावायला सांगितला. ८ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ६ दाखवतो. यानं काहीच दाखवलं नाही, म्हणजे तार तुटलेली. कॉइल आणि कोन बदलायला सहा हजार लागले, आणि ते नव्या ॲम्पसाठी साठवलेल्या पैशातून गेले. उरले चौतीस हजार. पुढचा कार्यक्रम आषाढीला, सहा आठवड्यांनी. आणि मंडळीतले वडीलधारे म्हणायला लागले होते की बेस बंदच करा, नसता घोळ.

बेसला एवढी शक्ती लागते कशाला, ते आधी बघू. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झचा. साध्या गिटारचा ८२ चा, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. एक सप्तक खाली जाऊन आवाजाची पातळी तीच ठेवायची तर स्पीकरचा पडदा चौपट हलावा लागतो. वर आपला कान खालच्या सुरांना मुळातच मंद. आपल्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तिकडे मृदंगाच्या डाव्या बाजूला भिजवलेल्या रव्याचा गोळा लावतात. चामड्याला वजन दिल्याशिवाय तो घुमारा येत नाही, ते काम हात करतो. आमच्याकडे तेच काम ॲम्पला करावं लागतं. १९६९ मध्ये अँपेगनं एसव्हीटी हा ३०० वॅटचा व्हॉल्व्हचा बेस ॲम्प काढला आणि त्याच वर्षी तो रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यात गेला. त्या काळात गिटारवाले शंभर वॅटमध्ये मैदान हादरवत होते.

पण नुसते वॅट वाढवून आवाज वाढत नाही, हे दुसरं दुखणं. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला जेमतेम फरक. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून मी पुतण्याला आधी स्पीकरचा कागद वाचायला लावला. त्यावर संवेदनशीलता लिहिलेली असते : एका वॅटवर एक मीटर अंतरावर किती डेसिबल. एक बॉक्स ९४ चा आणि दुसरा १०० चा असेल, तर दुसऱ्याला त्याच आवाजासाठी चौथा हिस्सा शक्ती पुरते. ६०० वॅटचं काम १५० मध्ये! चांगला बॉक्स घेणं हे बहुतेक वेळा मोठा ॲम्प घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि दुकानदार हे सहसा सांगत नाही.

पुतण्याला मित्राकडूनच एक दुसरा बॉक्स विकत मिळत होता, हप्त्यानं. दहा इंची दोन स्पीकर, ८ ओहम, सलग ३०० वॅट, ९७ डेसिबल. बॉक्स ठरला. आता त्याला शोभेल असा ॲम्प.

माझा नेम असा : स्पीकरच्या सलग वॅटच्या दीडपट ते दुप्पट देणारा ॲम्प, त्याच ओहमवर. तार जोरात छेडली की क्षणभराचा झटका सरासरीच्या दहापटही जातो. तो झटका न छाटता बाहेर यायला ॲम्पला वर मोकळी जागा पाहिजे. मोठा ॲम्प सांभाळून वाजवला तर स्पीकर जगतो, लहान ॲम्प ताणला तर मरतो. अर्थात मोठा ॲम्पही बेफाम वाजवला तर पडदा फाडेल. म्हणून ३५ हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर आणि लिमिटर, दोन्ही चालू ठेवायचे. आणि पॉवर ॲम्पवरचा नॉब अर्ध्यावर ठेवला म्हणजे शक्ती अर्धी झाली असं नसतं बरं का. तो फक्त आत येणारा सिग्नल कमी करतो. समोरून जोरात दिला तर अर्ध्या नॉबवरही ॲम्प पुरा जातो.

पुतण्या तीन ॲम्प बघून आला, फोटो पाठवले.

पहिला, वजनाला चार किलो, क्लास डी, अंगावर २००० वॅट लिहिलेले. किंमत मोहात पाडणारी. मी म्हटलं, मागच्या बाजूचा फोटो पाठव. फ्यूज ३ अँपिअरचा. २३० गुणिले ३, म्हणजे ६९०. भिंतीतून सलग ७०० सुद्धा जो खेचू शकत नाही, तो सलग २००० कुठून काढणार? नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर पीएमपीओचे हजारो वॅट छापायचे, त्यातलाच प्रकार. क्लास डी वाईट नाही, मी स्वतः तोच वापरतो, हलका असतो आणि भिंतीतून घेतलेल्यातलं फारसं उष्णतेत घालवत नाही. पण आकडा सलग वॅटचा हवा, किती ओहमवर तेही लिहिलेलं हवं.

दुसरा, देवळाच्या उत्सवात भोंग्यांना लावतात तसला. मागं १०० व्होल्टची लाइन. लांबवर पसरलेल्या भोंग्यांसाठी ती पद्धत उत्तम आहे, प्रत्येक भोंग्यात त्यासाठी ट्रान्सफॉर्मर असतो. आपल्या बॉक्सची जात वेगळी. बाद.

तिसरा जुना, सतरा किलोचा, दोन चॅनेलचा क्लास एबी. प्रत्येक चॅनेल ८ ओहमवर २००, ४ ओहमवर ३००. दोन्ही जोडून, म्हणजे ब्रिज करून, ८ ओहमवर ६०० वॅट. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला बॉक्सचे निम्मे ओहम दिसतात. ८ चा बॉक्स लावला तर चॅनेलला ४ दिसतात, चालतं. ४ चा लावला तर २ दिसतात, आणि या ॲम्पला ते झेपत नाही. उद्या त्यानं ८ ओहमचा दुसरा बॉक्स घेतला तर ब्रिज सोडायचा आणि एकेका चॅनेलला एकेक बॉक्स द्यायचा, दोनशे-दोनशे. ३०० चा बॉक्स, ६०० चा ॲम्प. माझ्या नेमात बरोबर बसला. किंमत एकवीस हजार, वापरलेला. पंखे फिरतात का, नॉब खरखरतात का, अर्धा तास वाजवल्यावर वास येतो का, हे तपासून घे म्हटलं.

त्यानं घरी आणून बेस थेट ॲम्पला जोडला आणि पुन्हा फोन. "काका, आवाज मेल्यासारखा." अरे बाबा, पॉवर ॲम्पला पुरा जायला एक-सव्वा व्होल्ट लागतो, बेसच्या पिकअपमधून येतो त्याचा छोटासा हिस्सा. शिवाय साध्या बेसला समोर दहा लाख ओहमचं तोंड लागतं, पॉवर ॲम्पचं असतं दहा-वीस हजारांचं. त्यानं वरचे सूर खाल्ले. मध्ये प्रीॲम्प पाहिजेच, मागचा भाग त्यासाठीच होता.

विजेचं मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण मांडवात खरी फजिती तिथं होते. असे जुने, जड ट्रान्सफॉर्मरचे ॲम्प व्होल्टेज पडलं की त्याच्या वर्गाच्या प्रमाणात शक्ती गमावतात. लांब वायर, वर दिव्यांच्या माळा, व्होल्टेज २३० चं १९० झालं, तर शक्ती राहिली दोनतृतीयांश. ६०० चे ४०० झाले, आणि तुम्ही न कळत पुन्हा लाल दिव्यात. म्हणून मांडवात गेल्यावर आधी मीटर प्लगमध्ये घालून बघायचं. जनरेटर असेल तर दिवे चालू करून बघायचं. आणि हम आला म्हणून अर्थिंगची पिन तोडायची नाही, कुणी कितीही सांगो. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटन असतं, ते दाबा. गंमत म्हणजे आपली वीज ५० हर्ट्झची, आणि बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी असतो ४९ चा. त्यामुळं हम तुमच्या जी सुराला बेसूर साथ करत बसतो.

स्पीकरला गिटारची वायर लावू नका. आतली तार केसाएवढी असते, तापते. इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच स्क्वेअर एमएमची दोनपदरी वायर घ्या, टोकाला स्पीकॉन लावा. ॲम्प बॉक्सशेजारीच असतो, दोन मीटर पुरते.

आषाढीला मी गेलो तंजावूरला. सभागृह होतं, मांडव नव्हता, म्हणून त्याला सांगितलं की लोकांपर्यंत आवाज डीआयमधून मोठ्या सिस्टीमला जाऊ दे, तुझा बॉक्स फक्त तुला आणि मृदंगवाल्यांना ऐकू येण्याएवढा ठेव. संध्याकाळी प्लगमध्ये मीटर दाखवत होता २०८. अभंग सुरू झाले. मी ॲम्पच्या मागं खुर्ची टाकून बसलो, दिव्याकडे बघत. अडीच तासांत लाल दिवा दोनदा चमकला, दोन्ही वेळा गजर टिपेला गेला तेव्हा. मध्येच मंडळीतले सगळ्यात म्हातारे मृदंगवाले मागं वळले आणि पुतण्याला हातानं खूण केली. मला वाटलं, कमी कर म्हणतायत.

त्यानं नंतर सांगितलं, वाढव म्हणत होते.