९ एच म्हणजे किती कठीण?

अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो पसरत नाही, मोत्यासारखा घरंगळतो. नव्या मोटारीच्या रंगावर 'सिरॅमिक कोटिंग' केले, की पाणी काहीसे असेच वागते. हा लेप सिलिकॉनच्या संयुगांचा असतो. हवेतील बाष्पाशी क्रिया होऊन त्याचा काचेसारखा थर बनतो. थराची जाडी सहसा एक-दोन मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो!

जळगाव-धुळ्याच्या उन्हाधुळीत वापरायच्या गाडीसाठी लेप निवडताना जाहिरातीत 'कठिनता ९ एच' असे वाचायला मिळते. विद्यार्थी मित्रांनो, येथे फसू नका. १८१२ साली फ्रीडरिख मोस यांनी खनिजांना कठिनतेनुसार १ ते १० क्रमांक दिले. त्यांत ९ म्हणजे कुरुविंद, माणकाचे खनिज. पण ९ एच हा पेन्सिलीचा क्रमांक आहे! त्या पेन्सिलीने लेपावर ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीचे शिसे ग्राफाइट व मातीचे असते. धुळीत मात्र गारगोटीचे कण असतात. मोस यांच्या कोष्टकात गारगोटीचा क्रमांक ७. धुळीने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली, तर लेपावरही चरे पडतात.

मग लेपाचा उपयोग काय? मळ कमी चिकटतो आणि लवकर निघतो. पण विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याचे थेंब उन्हात वाळले, तर पांढरे डाग लेपावरही उमटतात. म्हणून लेप असो वा नसो, गाडी सावलीत धुवावी. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मगच मऊ फडके लावावे.