पुसले म्हणजे काय केले?

बालमित्रांनो, यवतमाळकडच्या एखाद्या खेड्यात आजी नातवाला म्हणाली, "जाय, गुर्जीले पुसून ये," तर नातू फडके शोधायला जाईल का? छे! तो धावत जाऊन गुरुजींना विचारून येईल. पण हेच वाक्य त्याने शहरातल्या नव्या शाळेत उच्चारले, तर पोरे फिदीफिदी हसतील. "गुरुजी काय फळा आहेत, पुसायला?" बिचारा पुढच्या वेळी तोंडच उघडणार नाही.

खरे तर हसण्यासारखे त्यात काहीच नाही. 'विचारणे' या अर्थाचे 'पुसणे' हे जुन्या मराठीतले मोठ्या मानाचे क्रियापद. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत ते भेटते. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रातही भेटते. यवतमाळला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर ही या ग्रंथाची भूमी. त्यात शिष्य चक्रधरस्वामींना सारखे काही ना काही विचारतात, आणि ते 'पुसिले' असेच लिहिलेले असते. म्हणजे आजीचे बोलणे अशुद्ध नाही, सातशे वर्षांहून जुने आहे!

मग एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे? गंमत अशी, की हे मुळात दोन वेगळे शब्द. एक आला संस्कृत 'प्रच्छ्' या धातूवरून. 'पृच्छा' हा शब्द त्याच घरातला. दुसरा आला 'प्रोञ्छन' म्हणजे पुसून काढणे, यावरून. हिंदीत ते 'पूछना' आणि 'पोंछना' असे वेगळे राहिले. मराठीत मात्र झिजत झिजत दोघेही 'पुसणे' झाले. जुळे नव्हेत, पण दिसतात सारखे!

पहिल्याचे भाऊबंद तर पार दूरवर पसरलेत. फारसीतले 'पुर्सीदन' आणि जर्मनमधले 'फ्रागेन' त्याच कुळातले. दोन्हींचा अर्थ विचारणे.

आता ओळखायचे कसे? वाक्य पाहायचे. 'मले पुसलं' म्हणजे मला विचारले. 'पाटी पुसली' म्हणजे स्वच्छ केली. आणि 'वाट पुसली'? इथे रस्ता विचारला, झाडला नाही!

पुढे पुस्तकांत, वर्तमानपत्रांत 'विचारणे' रुळले. तरी जुना शब्द पुरता गेला नाही. आजाऱ्याची आपण 'विचारपूस' करतो, 'वास्तपुस्त' करतो. 'आता त्याला कोण पुसतो?' असेही म्हणतो. 'तोंडाला पाने पुसणे' आणि 'पुसट' हे मात्र दुसऱ्या घरचे. आणि पुसदकरांनो, तुमच्या गावाला यात ओढू नका हं. ते पूस नदीकाठचे!

पालकहो, मुलाच्या तोंडी बोलीतला शब्द आला, तर दटावू नका. परीक्षेत 'विचारले' लिहायला जरूर शिकवा. पण घरातला शब्द खोडून नव्हे, त्याच्या शेजारी बसवून. ज्या मुलाला आपल्या बोलण्याची लाज वाटू लागते, ते वर्गात प्रश्न विचारायचेही सोडून देते. मग शिकणार कसे?

आणि दोस्तांनो, या सुट्टीत एक वही करा. आजी-आजोबांचे असे दहा शब्द टिपा. अर्थ अडला, तर लाजू नका. सरळ त्यांनाच पुसा!