सर, तुम्ही कंपनीत का नाही गेलात?



आमचं गाव लातूर-नांदेड रस्त्यावर आहे. दहावीचा निकाल लागला, की आमच्या स्टँडवर एकच गडबड उडते. गाद्यांच्या वळकट्या, बादल्या, पत्र्याच्या पेट्या एस.टी.त चढतात. काही मुलं लातूरच्या गाडीत बसतात, काही नांदेडच्या. पुढची दोन वर्षं भाड्याची खोली, मेसचा डबा, क्लास आणि 'नीट'ची परीक्षा. सोबत वडील असतात. त्यांच्या पिशवीत फीचे पैसे असतात. कुणी सोयाबीन विकलेलं असतं, कुणी म्हैस.

"काय होणार रे बाळा?" असं विचारलं, की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "डॉक्टर!"

"का बरं?"

"पैसा हाय सर, मान हाय."

उत्तर काही खोटं नाही. पण एवढंच उत्तर पुरेसं आहे का? मलाही हा प्रश्न नीट कळला तो एका चौथीतल्या मुलामुळे.

एकदा वर्गात 'मोठेपणी मी कोण होणार' यावर गप्पा चालल्या होत्या. तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझे काका पुण्याला कंपनीत हायेत. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त पगार हाय म्हणं. मग तुम्ही कंपनीत का नाही गेलात?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. तुम्हाला आज त्याचंच उत्तर सांगणार आहे.

बारावीनंतर मी डी.एड. केलं. २००९ साली शाळेत लागलो, तेव्हा नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक' म्हणून काम करावं लागे. मानधन महिन्याला ३,००० रुपये! माझ्याच वर्गातला एक मित्र आय.टी.आय. करून पुण्याजवळच्या कारखान्यात लागला. त्याला माझ्या तिप्पट पैसे मिळायचे. दिवाळीला तो आईला साडी आणि भावाला मोबाइल घेऊन आला. मी रिकाम्या हातानं घरी गेलो. वडील काही बोलले नाहीत. पण रात्री आईला हळूच म्हणाले, "पोरगं शिकलं, पण हातात काय पडलं?" मी जागाच होतो. ते वाक्य मला आजही आठवतं.

त्या मित्रानं मला कारखान्यात बोलावलंही होतं. मी आठ दिवस विचार केला. त्याच आठवड्यात माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्यांदा जोडाक्षर वाचायला शिकली. मग काय! दिसेल ती पाटी ती मोठ्यानं वाचत सुटली. दुकानाची पाटी, एस.टी.ची पाटी, औषधाच्या डब्यावरचं नावसुद्धा! मी ठरवलं, आपण इथंच राहायचं.

पण मुलांनो, इथं एक गोष्ट लपवायची नाही. मला ते ठरवता आलं, कारण वडिलांची थोडी शेती होती आणि घरात धान्य होतं. आवडीचं काम निवडलं, पण त्या तीन वर्षांचा भार घरानं उचलला. आवडीलाही किंमत असते आणि ती कोणीतरी मोजत असतं. हे विसरायचं नाही.

आता आपल्या लातूरची एक गोष्ट. १९६६ साली लातूर हे जिल्ह्याचं ठिकाण नव्हतं. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं ते तालुक्याचं गाव होतं. लातूर जिल्हा झाला तो १९८२ साली. अशा त्या गावात पुण्यात शिकलेले एक तरुण सर्जन राहायला आले. त्यांचं नाव डॉ. अशोक कुकडे. त्यांच्या पत्नी डॉ. ज्योत्स्ना कुकडे याही डॉक्टर. सहकारी डॉक्टरांना बरोबर घेऊन त्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केलं.

विचार करा, शस्त्रक्रिया शिकलेल्या डॉक्टरला पुण्या-मुंबईत काम मिळालं नसतं का? पण शहरात डॉक्टर होते, आणि इथं मोठ्या ऑपरेशनसाठी रोग्याला दूरच्या गावी न्यावं लागे. आपली जास्त गरज कुठं आहे, हे पाहून त्यांनी गाव निवडलं.

पुढं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडली. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. जखमींची रीघ लातूरच्या दवाखान्यांकडे लागली. त्या दिवशी लातुरात सर्जन असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. २०१९ साली डॉ. कुकडे यांना 'पद्मभूषण' मिळालं.

म्हणजे बघा, "डॉक्टर व्हायचं" एवढं ठरवून भागत नाही. कुठं आणि कोणासाठी, हेही ठरवावं लागतं.

"पण सर, 'नीट'मध्ये नंबरच लागला नाही तर? मग तर सगळं संपलंच!" असं काही मुलं म्हणतात. त्यांनी नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची गोष्ट ऐकावी. त्यांचा जन्म १९३२ सालचा. हे कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते! पुढं ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि नोकरी सांभाळून एम.ए.पर्यंत शिकले. मग पीपल्स कॉलेजमध्ये शिकवू लागले आणि तिथले प्राचार्य झाले. 'जागर', 'मागोवा', 'शिवरात्र' अशी पुस्तकं त्यांनी लिहिली. मोठमोठे विद्वान त्यांचं भाषण ऐकायला यायचे. १९८२ साली ते गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. पण आजही त्यांची पुस्तकं वाचली जातात. त्यांना पगार किती होता, हे कोणी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "म्हणजे कंपनीत गेलेला तुमचा मित्र चुकला का?" मुळीच नाही! त्याच्या घरी शेती नव्हती, वडील आजारी होते आणि बहिणीचं शिक्षण व्हायचं होतं. त्यानं पगार बघितला, तो घरासाठी. त्याच पगारावर त्याची बहीण नर्स झाली. त्याला खरी आवड पखवाजाची. गावात सप्ताह असला, की तो रजा टाकून येतो आणि रात्रभर कीर्तनात वाजवतो. त्यानं आवड सोडली नाही, फक्त पोट वेगळ्या कामावर ठेवलं. हाही एक चांगला मार्ग आहे. जास्त पगार निवडणारा लोभी आणि कमी पगार निवडणारा थोर, असं काही नसतं.

मग ठरवायचं कसं? या रविवारी एक प्रयोग करून पाहा. वहीत तीन प्रश्न लिहा.

पहिला : कोणतं काम करताना मला वेळेचं भान राहत नाही? (टीव्ही आणि मोबाइल सोडून बरं का!)

दुसरा : ते काम रोज करणारा माणूस आपल्या ओळखीत कोण आहे? त्याला भेटा. सुरुवातीला किती मिळायचं, आता किती मिळतं, कंटाळा कधी येतो, हे विचारा.

तिसरा : आपल्या घराला महिन्याला किती लागतं? हा प्रश्न मात्र आई-बाबांना विचारा.

आणि पालकहो, तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या. "तुला काय करायचंय, तू फक्त अभ्यास कर," असं म्हणू नका. कर्ज असेल तर सांगा, जमीन विकणार असाल तर तेही सांगा. मुलांना हिशेब कळतो. न सांगितलेल्या कर्जाचं ओझं मात्र त्यांना उगाचच जड होतं. आणि त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचून हसू नका.

त्या चौथीतल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, "अरे, मी कंपनीत गेलो असतो, तर तू हा प्रश्न कुणाला विचारला असतास?"

त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "दुसऱ्या सरांना!"

खरंच आहे की! माझ्यावाचून काही अडलं नसतं. पण मला मात्र हा प्रश्न ऐकायला मिळाला नसता.

तुमचा,
शाळेतला एक सर